घारापुरीत कर कोण लावतं आणि हिशेब कोण मागतं?

घारापुरीच्या जेटीवर उतरलं की पर्यटकाला दोन ठिकाणी पैसे द्यावे लागतात. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, ते केंद्राकडे जातं. दुसरी छोटी पावती मात्र ग्रामपंचायतीच्या प्रवासी कराची. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांच्या बेटासाठी हे हक्काचं उत्पन्न आहे. ते कसं खर्च करायचं, हे ठरवणारं ‘गाव’ म्हणजे नेमकं कोण?

इथेच ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांची गल्लत होते. ग्रामपंचायत म्हणजे पाच वर्षांसाठी निवडून आलेले सरपंच आणि सदस्य. कर लावणं, पाणी, दिवाबत्ती, सफाई ही त्यांची कामं. दप्तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) सांभाळतो. ग्रामसभेत कुणी निवडून येत नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो, आणि पंचायतीची मुदत संपली तरी ग्रामसभा संपत नाही.

वर्षाचा जमाखर्च आणि पुढच्या कामांचा आराखडा पंचायतीला ग्रामसभेपुढे ठेवावाच लागतो. घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थीही तिथेच निवडले जातात. ‘सरपंचांनी यादी केली’ हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. यादीवर बोलायचा अधिकार तुमचा आहे, तो वापरा. सभा सरपंचच बोलावतात. सबळ कारणाशिवाय टाळली तर त्यांचं पद जाऊ शकतं.

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. गणपूर्तीला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तो पुरतो. महिलांची सभा त्याआधी वेगळी घ्यायची असते, आणि ती केवळ कागदावर उरकणं मोठा अन्याय आहे.

राज्यभर ग्रामसभा बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. शेतीच्या गावाला हे सोयीचं असेल. पण बेटावर सुट्टी म्हणजे गर्दी, आणि गर्दी म्हणजे कमाईचा दिवस. दुकान सोडून सभेला कोण बसणार? लेणी सोमवारी बंद असतात. घारापुरीची एखादी तरी ग्रामसभा सोमवारी, तिन्ही वस्त्यांना आधी दवंडी देऊन, भरवायला हवी.