किडनी एक, फाइली दोन

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकांची कॅन्सरची गाठ असलेली किडनी दुर्बिणीतून काढली. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर तक्रार एकच: "कापलं कमरेजवळ आणि दुखतोय खांदा! पलंगावर ठेवताना हिसका दिला असणार."

हिसका कुणी दिलेला नसतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा मागे राहतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, खालून टोचत राहतो. श्वासपटलाची नस निघते थेट मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून. खांद्याच्या कातडीची जाणीवही त्याच पातळीवर पोहोचते, म्हणून मेंदू कळ खांद्याच्या नावावर टाकतो. दोन-तीन दिवसांत हा वायू रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. उठून चाललं की बरं वाटतं. चालण्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

मोठा छेद घेतला असेल तर कुशीत बधिरपणा राहतो, कधी त्या बाजूला पोट थोडं फुगीर दिसतं. बरगड्यांखालच्या नसा दुखावल्याने तिथला स्नायू सैल पडतो. ही गाठ परत आलेली नसते, तरी डॉक्टरांना एकदा दाखवावं. सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे नर्मदेचं पाणी आलं की बादल्या भरणं दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. ताप, जखमेतून स्राव, एकाच पोटरीला सूज, अचानक धाप, किंवा किडनीचा फक्त गाठीचा भाग काढला असेल तर पहिल्या काही आठवड्यांत लघवीत लालभडक रक्त, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता मुद्द्याचं. ऑपरेशननंतर रुग्णाच्या दोन फाइली सुरू होतात. एक कॅन्सरची, दुसरी उरलेल्या किडनीची. पहिली सगळं घर सांभाळतं. दुसरी बहुतेक घरांत उघडलीच जात नाही.

एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळपास 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात. एक किडनी गेली की नव्या गाळण्या तयार होत नाहीत, आहेत त्याच मोठ्या होतात आणि जास्त रक्त गाळू लागतात. त्यामुळे काम निम्म्यावर येत नाही, काही महिन्यांत साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास स्थिरावतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, काम कमी झालं की त्याचा आकडा चढतो. आधी 0.9 असलेलं क्रिएटिनिन 1.3 झालेलं पाहून घरात जी रडारड होते तिचं कारण बहुधा एवढंच असतं. बघायचं ते हे की आकडा तिथे टिकतो की चढत जातो.

एका किडनीवर माणूस जगतो का, हा प्रश्न कधीकाळी खराच होता. 1869 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये गुस्ताफ सिमोन यांनी मूत्रवाहिनीला इजा झालेल्या एका बाईची किडनी काढली. त्याआधी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून एक किडनी पुरते याची खात्री करून घेतली होती. बाई बरी झाली.

आज लोक दिलासा म्हणून किडनीदात्यांचं उदाहरण देतात, "ते नाही का मजेत जगत?" ही तुलना मला पटत नाही. दाता निवडतानाच तो ठणठणीत आहे ना, हे पाहिलेलं असतं. किडनीच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे तंबाखू ओढणं, लठ्ठपणा आणि बीपी. नेमक्या ह्याच गोष्टी किडनीलाही झिजवतात. म्हणजे गाठीसोबत किडनी गेली, पण तिचे वैरी घरातच राहिले.

घरातला आणखी एक साळसूद वैरी म्हणजे गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं किडनीत शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवणाऱ्या रसायनावरच घाव घालतात. तिथला रक्तपुरवठा आखडतो. दुखलं तर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवावं, सहसा पॅरासिटामॉलवर भागतं. मेडिकलवाल्याला विचारून नाही. 'किडनी साफ करणाऱ्या' भस्मांपासून चार हात लांबच राहावं.

मग मीठ. इंदुरात हा विषय काढणं जिवावर येतं. पोह्यांवर मूठभर शेव, वरून जिरावण मसाला, म्हणजे एका प्लेटीत मिठाचे तीन थर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. पोहे खावेत, शेव बेताने. पाणीही तांब्यावर तांबे ढोसायची गरज नाही. मात्र माळव्याच्या मे महिन्यात किंवा जुलाब-उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नये.

कॅन्सरच्या फाइलीत पहिला कागद बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या लॅब तपासणीचा. त्यात चार गोष्टी शोधायच्या: गाठीचा प्रकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात), स्टेज (गाठ किती मोठी, कुठवर पसरली) आणि काढलेल्या भागाची कडा स्वच्छ आहे का, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नाहीत ना. गाठ किडनीपुरतीच आणि 4 सेंटीमीटरपर्यंत असेल तर ती सर्वांत खालच्या पायरीवर, 7 च्या पुढे वरची पायरी सुरू होते. नातेवाईक हमखास विचारतात, "केमो का नाही दिली?" कारण या कॅन्सरवर नेहमीची केमो फारशी चालतच नाही. क्लिअर सेल या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात गाठ परत येण्याचा धोका जास्त असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध सुमारे वर्षभर देतात. औषध महाग आहे, आणि ते ऑपरेशननंतर साधारण बारा आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट लॅबमध्ये पडून राहू देऊ नये.

या कॅन्सरचा माग काढणारी रोजच्या वापरातली रक्ततपासणी अजून नाही. म्हणून स्कॅन. पोटाबरोबर छातीचाही, कारण तो पसरला तर बहुधा आधी फुप्फुसात. पहिली दोन-तीन वर्षं जास्त जोखमीची, पण दहा वर्षांनीही तो उगवू शकतो, तेव्हा पाच वर्षांनी फाईल रद्दीत देऊ नये.

तपासणीला जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही. जुन्या सीटीची सीडीही न्यावी, डॉक्टरांना चित्राशी चित्र ताडून पाहायचं असतं. अवंतिका एक्सप्रेसने परळच्या टाटा हॉस्पिटलला दुसरं मत घ्यायला निघाला असाल तर लॅबमधून बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड (त्यांच्या काचपट्ट्या) आधी मागून घ्या. कॉन्ट्रास्टचा, म्हणजे नसेतून औषध सोडून काढायचा सीटी असेल तर ताजं क्रिएटिनिन हातात हवं, आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आधीच सांगायचं. एका कागदावर तारीखवार क्रिएटिनिन, आठवडाभराचं बीपी आणि सगळी औषधं लिहावीत. आपली मोठी माणसं डॉक्टरांसमोर "बरं आहे" एवढंच म्हणतात, तेव्हा बरोबर वहिनी किंवा मुलगी असलेली बरी.

लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावीत. किडनीवर ताण येतोय हे बरेचदा क्रिएटिनिन चढण्याआधी तिथे कळतं. ही तपासणी सर्जन सांगतील असं धरून चालू नका, त्यांचं लक्ष गाठीकडे असतं. पहिल्याच भेटीत सरळ विचारा: "डॉक्टर, उरलेल्या किडनीकडे कोण बघणार? तुम्ही, आमचे घरचे डॉक्टर, की नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर?"