तिथी-भोजन

तिथी-भोजन : वसतिगृह, बालगृह, वृद्धाश्रम किंवा पाठशाळा यांच्या एका दिवसाच्या जेवणाचा खर्च देणगीदाराने आपल्या घरातल्या एखाद्या दिवसाच्या निमित्ताने उचलण्याची प्रथा. याला ‘तिथी घेणे’ किंवा ‘अन्नदानाची तिथी’ असेही म्हणतात. नावात तिथी असली तरी वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस इंग्रजी तारखेनेच नोंदवले जातात. श्राद्धतिथी मात्र बहुधा पंचांग पाहून ठरते. संस्थेला यातून धान्याचा खर्च मिळतोच. त्याशिवाय देणगीदार वर्षातून एकदा संस्थेच्या उंबऱ्याच्या आत येतो, आणि या प्रथेचे खरे बळ तिथे आहे.

या प्रथेच्या मागे वार लावून जेवण्याची जुनी रीत दिसते. शिकायला शहरात आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायला जाई. यजमानाला तो मुलगा डोळ्यांसमोर वाढताना दिसे. त्याच्या परीक्षेची चौकशीही पानावरच होई. मुलाच्या बाजूने पाहिले तर ते तितके गोड नव्हते. कुठे पान उशिरा मांडले जाई, कुठे आधी घरची कामे करावी लागत. वसतिगृहे निघून सगळी मुले एकाच स्वयंपाकघरातले जेवू लागली, तशी ही रोजची मिंधेपणाची भावना कमी झाली. पण देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा प्रत्यक्ष संबंधही तुटला. तिथी-भोजन तो वर्षातून एकदा जोडून देते.

संबंध जोडण्याची दुसरी वाट मुष्टिफंडाची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. त्यांच्या कार्यात घरोघरी धान्याची एकेक मूठ बाजूला काढण्याची पद्धत वापरली गेली. मूठभर धान्य काढणारी बाई कदाचित ते वसतिगृह कधी पाहणारही नव्हती, तरी त्या कामात तिचा वाटा रोजचा होता. पणजीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या नावात ‘मुष्टिफंड’ हा शब्द अजून टिकून आहे.

तिथीचे दोन प्रकार असतात. ‘चालू तिथी’साठी त्या वर्षापुरती रक्कम भरतात. ‘कायम तिथी’साठी ठेव देतात आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्याच दिवशी जेवण होते. तिथीवहीत देणगीदाराचे नाव, निमित्त आणि पत्ता लिहिलेला असतो. दिवस जवळ आला की पूर्वी पोस्टकार्ड जाई, आता व्हॉट्सअॅपवर निरोप जातो. भोजनगृहाबाहेरच्या फळ्यावर खडूने ‘आजचे भोजन कै. … यांच्या स्मरणार्थ’ असे लिहितात. ‘वदनी कवळ घेता’ म्हणून झाले की पंगत सुरू होते. घरची मंडळी आली असतील तर पहिली वाढ त्यांच्या हातून होते. पोळीची चळत हातावर घेऊन वाकत वाकत ओळीने जाताना तिसऱ्या-चौथ्या ताटाशीच कंबर बोलू लागते. छापील आभारपत्रापेक्षा देणगीदाराच्या लक्षात राहते ते हे.

कायम तिथीचे गणित मात्र महागाईने पार बिघडवले आहे. 10,000 रुपयांच्या ठेवीवर 6 टक्क्यांनी वर्षाला 600 रुपये येतात. 60 जणांच्या पंगतीत ते माणशी 10 रुपये झाले. एवढ्यात वरणभातही होत नाही. ठेव तर कायमची घेतलेली, म्हणून वरची रक्कम संस्थेलाच घालावी लागते. देणगीदाराच्या मुलांना ‘ठेवीत भर घालावी’ असे पत्र लिहिणे हे व्यवस्थापकाच्या अवघड कामांपैकी एक.

दुसरी अडचण गोडाची. पितृपक्षात एकेका दिवसासाठी दोन-तीन घरांची मागणी येते आणि आठवडाभर खीर नाहीतर जिलबी. जूनमध्ये वह्या-दप्तरांचा खर्च समोर असताना फळा कोरा. म्हणून काही ठिकाणी पदार्थ संस्थाच ठरवते, बाहेरचे शिजवलेले अन्न नाकारते आणि जादा मागणी दूध किंवा पुस्तकांकडे वळवते. देणगीदार आधी थोडा खट्टू होतो. पण कोठीघर दाखवून महिन्याला किती गहू लागतो हे सांगितले, तर तोच पुढच्या वेळी ‘काय कमी आहे?’ असे विचारत येतो.

शालेय पोषण आहारातही हीच कल्पना आली आहे. केंद्राच्या योजनेत ती ‘तिथी भोजन’ या नावाने आहे; महाराष्ट्रात तिला ‘स्नेहभोजन’ म्हणतात. गावकरी आपल्या आनंदाच्या दिवशी शाळेतल्या मुलांना जास्तीचा पदार्थ किंवा पूर्ण जेवण देतात.

पावतीचेही काही नियम आहेत. आयकर कायद्याखालची देणगीची सवलत (1961 च्या कायद्यातले कलम 80जी) पैशाच्या देणगीला मिळते; स्वतः नेलेल्या लाडवांच्या डब्याला नाही. 2,000 रुपयांवरची रोख देणगीही त्यात बसत नाही. आजोबांची तिथी परदेशातून चालू ठेवणाऱ्या नातवाचे नागरिकत्वही पाहावे लागते. भारतीय नागरिकाने पाठवलेली रक्कम ही विदेशी देणगी मानली जात नाही, पण त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर ती मानली जाते. मग संस्थेकडे विदेशी देणग्यांची परवानगी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात.

सर्वांत नाजूक बाब मुलांची. केक कापताना अनोळखी पाहुण्यासाठी टाळ्या वाजवायच्या, गाणे म्हणायचे, मग फोटोसाठी ओळीत उभे राहायचे, असे प्रसंग काही बालगृहांत महिन्यातून अनेकदा येतात. पाहुण्यांचा सोहळा एकदाचा; मुलांना तो पाठ झालेला असतो. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे, तरीही असे फोटो समाजमाध्यमांवर सर्रास दिसतात. फोटोला बंदी, भाषण नाही आणि पाहुण्यांनी मुलांच्याच पंगतीत बसून जेवायचे, एवढे तीन नियम ठेवले तरी त्या दिवसाचा रंग बदलतो. शेजारी बसलेला मुलगा मग आभार मानत नाही. भाजी तिखट झाली आहे, ताक घ्या, असे सांगतो.