लाफाँडचं पदक पहिलंच. सांचेझ दुसऱ्या देशाचा

३ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये थिया लाफाँडनं तिहेरी उडीत १५.०२ मीटरची झेप घेतली आणि डॉमिनिकाला ऑलिंपिकमधलं पहिलं पदक मिळालं. पहिलंच, आणि तेही थेट सुवर्ण. पण हा विषय निघाला की कोणीतरी हटकून विचारतं, "पहिलं कसं? फेलिक्स सांचेझला विसरलात?"

विसरलो नाही. सांचेझनं २००४ला अथेन्समध्ये आणि २०१२ला लंडनमध्ये ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली, गंमत म्हणजे दोन्ही वेळा ४७.६३ सेकंदांतच. पण तो डॉमिनिकन रिपब्लिकचा. तो देशच वेगळा.

डॉमिनिका आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. मुंबईच्या यशस्वी जयस्वालनं २०२३मध्ये कसोटी पदार्पणात १७१ धावा केल्या, ते रोसोचं विंडसर पार्क याच बेटावरचं. वस्ती जेमतेम सत्तर हजारांची, भाषा इंग्रजी, १९७८पर्यंत राज्य ब्रिटिशांचं. रिपब्लिक हैतीला खेटून: स्पॅनिश बोलणारा, बेसबॉलवेडा, कोटभर लोकांचा देश. नकाशा एकदा उघडला की एवढं कळतं.

ठेच लागते ती विशेषणाशी. इंग्रजीत दोन्हीकडची माणसं 'डॉमिनिकन'च. बोलताना बेटावरचे लोक 'नी'वर जोर देतात, रिपब्लिकवाले 'मि'वर. छापलं की तो फरकही गेला. त्यात ऑलिंपिकच्या तीन अक्षरांची भर. 'डीओएम' वाचून कोणालाही डॉमिनिकाच आठवेल, पण ती अक्षरं रिपब्लिकची, डॉमिनिकाची 'डीएमए'. लाफाँडनंतर सहाच दिवसांनी, त्याच पॅरिसमध्ये, मरिलेइडी पाउलिनोनं महिलांची ४०० मीटर शर्यत ४८.१७ सेकंदांच्या ऑलिंपिक विक्रमासह जिंकली. ती रिपब्लिकची. एका आठवड्यात दोन 'डॉमिनिकन' सुवर्णकन्या म्हटल्यावर गोंधळ व्हायचाच.

इंग्रजीचा नाइलाज समजू शकतो. आपला कसला? षष्ठीचा प्रत्यय हाताशी आहे. 'डॉमिनिकाची लाफाँड', 'रिपब्लिकची पाउलिनो', झालं काम. तरीही मराठी बातमीत 'डॉमिनिकन खेळाडू' दिसतो, तेव्हा माझं डोकं फिरतं.

पदार्पणाची वर्षं लक्षात ठेवायचीच असतील तर रिपब्लिक १९६४चं टोकियो, डॉमिनिका १९९६चं अटलांटा. त्यापेक्षा राष्ट्रकुल खेळांची खूण मला जास्त आवडते. तिथे डॉमिनिका असते, रिपब्लिक नसतं. लाफाँडनं २०१८ला तिथे कांस्य आणि २०२२ला रौप्य मिळवलं होतं. पॅन अमेरिकन खेळांत मात्र दोघंही उतरतात. तिथे अक्षरंच नीट वाचावी लागतात.