दरवाजाच्या लॅचचा रिकॉल : अमेरिकेतील गाडीमालकाची पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रे

‘रिकॉल’ या शब्दासाठी वर्तमानपत्रे ‘कंपनीने गाड्या परत बोलावल्या’ असे लिहितात आणि त्यामुळे गाडी आता आपल्याकडून काढून घेतली जाणार, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गाडी काही तासांसाठी डीलरच्या सर्व्हिस विभागात जाते, सदोष भाग बदलला जातो आणि ती मालकाकडे परत येते. वाहनात सुरक्षेशी संबंधित दोष असल्याचे उत्पादक कंपनीने स्वतः ठरवले किंवा राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, तसा निष्कर्ष काढला की तो दोष मालकाला खर्च न लावता दूर करणे अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार कंपनीवर बंधनकारक होते. यासाठी मालकाला कोठेही अर्ज करून मंजुरी घ्यावी लागत नाही. मात्र कागद नीट न ठेवल्यामुळे पुढे अडचणीत आलेले मालक कमी नाहीत, आणि दरवाजाच्या लॅचच्या, म्हणजे दरवाजा बंद धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या, बाबतीत हे विशेष खरे आहे.

दरवाजा बंद होताना गाडीच्या खांबावरील पक्की कडी लॅचमधील आकड्यात अडकते, आकडा फिरतो आणि एक छोटी खिट्टी त्याला मागे फिरण्यापासून रोखून धरते. ही खिट्टी जागेवर दाबून ठेवण्याचे काम स्प्रिंग करते. फोर्डच्या २०१६ मधील मोठ्या रिकॉलमध्ये नेमका या स्प्रिंगला आधार देणारा छोटा टॅब, म्हणजे बाहेर आलेला लहानसा भाग, तुटण्याचा धोका होता. टॅब तुटला की दरवाजा एक तर लागतच नाही, किंवा लागल्यासारखा वाटतो आणि गाडी चालू असताना उघडतो. यातील दुसरी शक्यता अधिक घातक आहे, कारण दरवाजा ओढून पाहिल्यावर तो घट्ट वाटू शकतो. तापमान आणि कडक ऊन यांचा या बिघाडाशी संबंध असल्याने ऑगस्ट २०१६ मध्ये हा रिकॉल प्रामुख्याने उष्ण हवामानाच्या १६ राज्यांपुरता जाहीर झाला होता. सप्टेंबरमध्ये तो देशभर वाढवण्यात आला आणि गाड्यांची संख्या सुमारे २४ लाखांवर गेली. फोकस, एस्केप, सी-मॅक्स, मस्टँग, लिंकन एमकेसी आणि ट्रान्झिट कनेक्ट या गाड्यांची २०१२ ते २०१६ दरम्यानची काही मॉडेल वर्षे त्यात होती.

पात्रतेचा नियम सोपा आहे, तरी त्याविषयी गैरसमज फार आहेत. मोफत दुरुस्तीचा हक्क गाडीशी जोडलेला असतो, पहिल्या खरेदीदाराशी नव्हे. त्यामुळे गाडी दुसऱ्या किंवा चौथ्या हाताची असली, वॉरंटी कधीच संपलेली असली, किंवा मालक नागरिक नसून विद्यार्थी व्हिसावर राहत असला, तरी हक्कात फरक पडत नाही. त्या ब्रँडच्या कोणत्याही अधिकृत डीलरकडे हे काम होते. गाडी जेथे घेतली तेथेच जाण्याची सक्ती नाही. गाडीच्या वयाची मर्यादा पंधरा वर्षांची आहे, परंतु ती पहिल्या विक्रीपासून रिकॉलच्या सूचनेपर्यंत मोजली जाते, दुरुस्तीच्या दिवसापर्यंत नव्हे. म्हणूनच २०१६ मध्ये सूचना निघालेल्या गाडीचा मालक आज गेला तरी ‘गाडी फार जुनी झाली’ हे कारण कायद्याच्या दृष्टीने पुरेसे ठरत नाही.

आपली गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही, हे मॉडेल आणि वर्ष पाहून ठरवू नये, कारण एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत वेगवेगळे लॅच असू शकतात. खात्रीचा मार्ग म्हणजे व्हीआयएन, अर्थात गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. तो चालकाच्या बाजूला पुढच्या काचेखाली, चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर आणि रजिस्ट्रेशनच्या कागदावर सापडतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, त्यामुळे तशी वाटणारी खूण एक किंवा शून्य समजून टाइप करावी. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावरील शोधात फक्त दुरुस्ती बाकी असलेले रिकॉल दिसतात. एखादा रिकॉल नुकताच जाहीर झाला असेल, तर सर्व क्रमांक यादीत चढण्यास वेळ लागतो. त्यामुळे आज काही दिसले नाही तरी काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

कंपनीने दोषाची माहिती एनएचटीएसएला दिल्यापासून साधारणतः ६० दिवसांच्या आत मालकांना टपालाने पत्र जाणे अपेक्षित असते. सुटे भाग तयार नसतील, तर आधी फक्त धोक्याची सूचना देणारे पत्र येते आणि भाग उपलब्ध झाल्यावर दुसरे. गाडी लीजवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर, असेल, तर पत्र लीज कंपनीकडे जाते आणि तिने ते दहा दिवसांच्या आत वापरकर्त्याकडे पाठवायचे असते. पत्ता बदललेल्या मालकांचे पत्र हमखास चुकते. पत्र मिळाले नाही म्हणून हक्क जात नाही.

डीलरला फोन करताना व्हीआयएन आणि रिकॉल क्रमांक सांगून लॅच साठ्यात आहेत का, हे आधी विचारावे आणि मगच वेळ घ्यावी. सोबत रजिस्ट्रेशन, चालक परवाना आणि पत्र असल्यास ते न्यावे. दरम्यानच्या काळात डीलरने दुसरी गाडी द्यावी असे कायद्याचे बंधन नाही. काही कंपन्या देतात, म्हणून विचारायला हरकत नाही. जो दरवाजा लागतच नाही, तो दोरीने बांधून गाडी चालवू नये. अशा वेळी गाडी उचलून नेण्याची सोय आहे का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारावे. दरवाजा लागत असला, पण उघडा असल्याचा दिवा मधूनच पेटत असला, तर त्या बाजूला कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये.

काम झाल्यावर एक पैसाही द्यायचा नसला तरी पावती मागून घ्यावी. तिच्यावर व्हीआयएन, तारीख, रिकॉल क्रमांक आणि नेमके कोणते दरवाजे केले, हे लिहिलेले असावे. हा आग्रह उगाच नाही. २०२० मध्ये फोर्डला उत्तर अमेरिकेतील सुमारे २१.५ लाख गाड्यांसाठी नवा रिकॉल काढावा लागला, कारण आधीच्या रिकॉलमध्ये काही गाड्यांचे लॅच बदललेच नसल्याची किंवा योग्य रीतीने बदलले नसल्याची शक्यता होती. त्या वेळी लॅचवरील तारखेचा कोड तपासणे हाच मुख्य उपाय होता. म्हणून काम झाल्यावर चारही दरवाजे उघडून नव्या लॅचवरील कोडचे फोटो काढून पावतीसोबत ठेवलेले बरे.

रिकॉल जाहीर होण्यापूर्वीच स्वतःच्या खर्चाने लॅच बदलले असेल, तर त्या रकमेची भरपाई मागता येते. येथे मात्र रीतसर अर्ज लागतो. त्यात मालकाचे नाव व पत्ता, गाडीचे मॉडेल, वर्ष व व्हीआयएन, रिकॉलची ओळख, दुरुस्तीच्या वेळी गाडी कोणाच्या मालकीची होती याचा पुरावा आणि रक्कम व कामाचे स्वरूप दाखवणारी पावती असावी लागते. दुरुस्ती वॉरंटीच्या काळात बाहेर करून घेतली असेल, तर कंपनीच्या डीलरने ती केली नाही किंवा नीट केली नाही, याचाही कागद मागितला जाऊ शकतो. भरपाईसाठी ग्राह्य कालावधी पत्रात दिलेला असतो. अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा असतो आणि नकार असल्यास कारण लेखी द्यायचे असते. ‘दरवाजा दुरुस्त केला’ एवढेच लिहिलेली पावती अशा ठिकाणी कमी पडते. ‘मागील डावे लॅच बदलले’ असे लिहिलेली उपयोगी पडते.

डीलर टाळाटाळ करत असेल, तर प्रथम कंपनीच्या ग्राहक सेवेकडे आणि तेथेही दाद लागली नाही तर एनएचटीएसएकडे तक्रार नोंदवावी. गाडी दुरुस्तीसाठी हजर केल्यापासून ६० दिवसांत ती पुरेशा प्रमाणात दुरुस्त झाली नाही, तर वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नसल्याचा तो सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो आणि गाडी बदलून देण्याचा किंवा रक्कम परत करण्याचा प्रश्न उभा राहतो. येथे गाडी केव्हा हजर केली, याची लेखी नोंद निर्णायक ठरते. फोनवरील संभाषणाची गणना यात होत नाही. आपल्या गाडीच्या लॅचमध्ये तोच बिघाड आहे, पण ती यादीत नाही, अशा मालकानेही तक्रार जरूर करावी, कारण अशाच तक्रारींवरून चौकशी सुरू होते.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिकॉल बाकी असलेली नवी गाडी डीलरला विकता येत नाही, तसेच ३५ किंवा त्याहून अधिक गाड्या असलेल्या भाड्याच्या कंपन्यांना जून २०१६ पासून अशी गाडी दुरुस्तीविना भाड्याने देता येत नाही. वापरलेल्या गाडीच्या विक्रीवर मात्र अशी संघीय बंदी नाही. त्यामुळे व्यवहारापूर्वी व्हीआयएन स्वतः तपासावा आणि लॅचचा रिकॉल बाकी दिसल्यास तो पूर्ण करून त्याची पावती आणण्यास विक्रेत्याला पैसे देण्याआधीच सांगावे.