आंतरराष्ट्रीय ब्रिगेड (स्पेन)

स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६–३९) जनरल फ्रँकोच्या बंडाविरुद्ध प्रजासत्ताक सरकारच्या बाजूने लढलेली परदेशी स्वयंसेवकांची सैन्यपथके. सुमारे पन्नास देशांतील माणसे त्यांत होती. मायदेशी परतणे अशक्य झालेल्या जर्मन व इटालियन निर्वासितांचा भरणा लक्षणीय होता; ज्यू स्वयंसेवकांचे प्रमाणही मोठे होते.

स्थापनेचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. १८ सप्टेंबर १९३६ रोजी मॉस्कोत कॉमिन्टर्नच्या (कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) सचिवमंडळाने स्वयंसेवक भरतीचा निर्णय घेतला. त्यामुळे ही पथके म्हणजे सोव्हिएत धोरणाचे हत्यार, असे एक मत आहे. मात्र कालक्रम पाहता ते अपुरे वाटते. जुलै १९३६ मध्ये बार्सेलोनात बर्लिन ऑलिंपिकला पर्याय म्हणून भरणारे ‘जन-ऑलिंपिक’ बंडामुळे रद्द झाले, तेव्हा तेथे आलेले काही खेळाडू लढण्यासाठी मागे राहिले. ऑगस्टमध्ये जर्मन निर्वासितांची थेलमान तुकडी उभी राहिली होती. म्हणजे माणसे आधी आली आणि संघटना नंतर. भरती, पैसा, शस्त्रे व शिस्त यांची घडी कॉमिन्टर्नने बसवली हे खरे. पण मरणाची तयारी कोणत्याही सचिवमंडळाच्या ठरावातून येत नाही. ब्रिगेडींचा प्रमुख असलेला फ्रेंच कम्युनिस्ट आंद्रे मार्ती याच्या आल्बासेते येथील मुख्य तळावरील कारभारातील संशयखोर कठोरपणाही नोंदवायला हवा.

कायदेशीर स्थान प्रथम संदिग्ध होते. २३ सप्टेंबर १९३७ च्या हुकुमाने ब्रिगेडी प्रजासत्ताक सैन्याचा रीतसर भाग ठरल्या. स्वयंसेवकांना रोखण्यासाठी ब्रिटनने जानेवारी १९३७ मध्ये १८७० चा परदेशी सैन्यभरतीविषयक कायदा पुढे केला, तर फ्रान्सने फेब्रुवारीत सीमा बंद केली. पासपोर्ट न लागणारे शनिवार-रविवारच्या सहलीचे तिकीट काढून ब्रिटिश स्वयंसेवक पॅरिसला पोहोचत. पुढे रात्रीच्या अंधारात पिरेनीज पर्वत पायी ओलांडत.

प्रमुख ब्रिगेडींना ११ ते १५ असे क्रमांक होते. बटालियनी बहुधा भाषेनुसार. ११ वी ब्रिगेड नोव्हेंबर १९३६ मध्ये माद्रिदच्या बचावात उतरली. फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामाच्या लढाईत ब्रिटिश बटालियनचे सुमारे ६०० जण उतरले. तीन दिवसांनी लढण्याजोगे सव्वादोनशेच्या आसपास उरले. मार्चमध्ये ग्वादालाहारा येथे गॅरिबाल्डी बटालियनच्या इटालियनांनी फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या मुसोलिनीच्या इटालियनांना तोंड दिले. पुढे ब्रुनेते, तेरुएल व एब्रो येथेही ब्रिगेडी लढल्या.

एकूण संख्येचा वाद अद्याप मिटलेला नाही. इतिहासकार अँद्रेउ कास्तेल्स यांनी ५९,३८० हा आकडा दिला. बहुतेक अभ्यासक मात्र ३२,००० ते ३५,००० मानतात व तेच अधिक ग्राह्य वाटते. एका वेळी वीस हजारांहून अधिक परदेशी क्वचितच असावेत. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) आयोगाला स्वयंसेवकांच्या माघारीच्या वेळी १२,६७३ परदेशी आढळले. अर्थात मृत, बंदिवान, पळालेले व आधीच परतलेले त्यात नाहीत. खोट्या नावांनी झालेल्या नोंदी व इस्पितळातून परतलेल्यांची पुन्हा झालेली नोंद यांमुळे गणना अवघड होते. मृतांचा अंदाज दहा हजारांच्या आसपास धरला जातो.

२१ सप्टेंबर १९३८ रोजी पंतप्रधान नेग्रिन यांनी परदेशी स्वयंसेवक परत पाठवण्याची घोषणा केली. ऑक्टोबरअखेर बार्सेलोनात निरोपाचे संचलन झाले, तेव्हा स्पॅनिश कम्युनिस्ट नेत्या दोलोरेस इबारुरी यांनी भाषण केले. स्पेनचे नागरिकत्व मिळवण्याची तरतूद हयात सैनिकांसाठी १९९६ मध्ये झाली, तोवर थोडेच उरले होते.

भारतीय सहभाग संख्येने अल्प. ब्रिटिश बटालियनला मुंबईत जन्मलेले माजी ब्रिटिश खासदार शापूरजी सकलातवाला यांचे नाव दिले होते, पण ते रूढ झाले नाही. याच बटालियनमध्ये नागपूरचे गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार ‘जॉन स्मिथ’ या नावाने दाखल झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सुरुवातीचे सरकार्यवाह असलेले हुद्दार पत्रकारितेच्या शिक्षणासाठी लंडनला गेले होते. १९३८ मध्ये आरागोनच्या पीछेहाटीत गांदेसा परिसरात ते पकडले गेले व बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या येथील छावणीत राहिले. त्याच वर्षी सुटका होऊन ते परतले व पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले. मराठी वाचकांना या माणसाची ओळख इतकी कमी असावी, हे खेदजनक आहे. डॉ. मदनमोहन अटल या भारतीय डॉक्टरांनी स्पेनमध्ये वैद्यकीय सेवा केली. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्यात होते त्या वैद्यकीय पथकाचे नेतृत्वही त्यांच्याकडेच होते.