अमेरिकेतलं लहान मुलांचं टॅकल फुटबॉल : सेफ्टी आणि कोचिंग

इथे विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे, लांबट बॉल, हेल्मेट, खांद्याला पॅड, आणि बॉल घेऊन पळणाऱ्याच्या अंगावर जाऊन त्याला खाली पाडायचं, त्यालाच टॅकल म्हणतात. पाच-सहा वर्षांच्या पोरांपासून याच्या टीम असतात. पॉप वॉर्नर ही त्यातली जुनी आणि मोठी लीग, 1929 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेली. कोच बऱ्याचदा टीममधल्याच कुणाचे तरी बाबा, संध्याकाळी फुकट वेळ देणारे.

हेल्मेटबद्दल मोठा गैरसमज आहे. ते कवटी फुटू देत नाही, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच, त्यामुळे कन्कशन (धक्क्याने मेंदूला होणारी दुखापत) काही थांबत नाही. मान खाली घालून टाळूने धडक दिली की मानेचे मणके एका रेषेत येतात आणि सगळा जोर त्यांच्यावर बसतो, त्यात मान मोडून आयुष्यभराचं अपंगत्व येऊ शकतं. 1976 मध्ये हायस्कूल आणि कॉलेजच्या नियमांत अशी धडक बंद केली आणि या दुखापती झपाट्याने कमी झाल्या, कारण नियम आणि शिकवणं बदललं.

म्हणून चांगला कोच आधी उभं राहायला शिकवतो. नजर वर, गुडघे वाकलेले, डोकं बाजूला काढून खांदा लावायचा, दोन्ही हातांनी मांड्या कवटाळायच्या आणि पाय थांबू द्यायचे नाहीत. हे आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग गादीवर, पळत येणाऱ्या मुलावर सगळ्यात शेवटी. कबड्डीत मांडीची पकड शिकलेल्याला हे लगेच कळेल.

पण पद्धत कितीही चांगली असली तरी धक्के मोजावेच लागतात. सीडीसी या अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेच्या 2021 च्या अभ्यासात 6 ते 14 वयाच्या टॅकल खेळणाऱ्या मुलांना एका सीझनमध्ये डोक्याला साधारण 378 धक्के बसलेले दिसले, फ्लॅग फुटबॉलमध्ये (कमरेची पट्टी ओढली की झालं, पाडायचं नाही) फक्त 8. पॉप वॉर्नरने 2012 मध्ये धडकाधडकीचा वेळ प्रॅक्टिसच्या एकूण वेळेच्या एक तृतीयांशावर आणला, 2016 मध्ये एक चतुर्थांशावर. कॅलिफोर्नियात तर 2021 पासून कायदाच आहे, पूर्ण कॉन्टॅक्टची प्रॅक्टिस आठवड्यात दोनच दिवस आणि दिवसाला जास्तीत जास्त 30 मिनिटं. मला हे नियम कुठल्याही महागड्या हेल्मेटपेक्षा मोलाचे वाटतात.

2006 मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा 13 वर्षांचा मुलगा टॅकल करताना जमिनीवर डोकं आपटून पडला. दोन्ही हातांनी हेल्मेट धरून तो कळवळत होता, थोडा वेळ बाहेर बसवला आणि परत मैदानात पाठवला. मॅच संपल्यावर तो कोसळला, मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला पण पुढची कित्येक वर्षं बोलायला-चालायला नव्याने शिकण्यात गेली. त्याच्या नावाचा कायदा 2009 मध्ये आला : कन्कशनची नुसती शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं, आणि आरोग्य क्षेत्रातल्या लायसन्सधारक व्यक्तीने लेखी परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. 2014 पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले.

ऑगस्टची गरमी हा वेगळाच धोका, तिकडे तेव्हा उन्हाळा असतो आणि सीझनची प्रॅक्टिस सुरू होते. पहिले काही दिवस पॅड न घालता हलकी प्रॅक्टिस, पाण्यासाठी मधेमधे सुट्टी, आणि मैदानाकडेला बर्फाच्या पाण्याचा टब भरून ठेवलेला. पोरगं उष्माघाताने बरळायला लागलं तर ॲम्ब्युलन्सला फोन करायचा, पण ती यायची वाट बघत बसायचं नाही, लगेच टबात बसवायचं, आधी अंग थंड करायचं, मग हॉस्पिटलला न्यायचं.