शुष्क नेत्रविकार : दृष्टिमापन व्यवसायातील निदान व व्यवस्थापन

शुष्क नेत्रविकार : अश्रुपटलाचे (डोळ्यावर पसरलेल्या अश्रूंच्या पातळ आवरणाचे) संतुलन ढळल्यामुळे डोळ्याच्या पृष्ठभागाला होणारा, बहुधा दीर्घकाळ टिकणारा विकार. डोळे चुरचुरणे, खुपणे, जड वाटणे आणि वाचताना दृष्टी धूसर होऊन पापणी मिटताच पुन्हा निवळणे या त्याच्या परिचित तक्रारी होत. डोळ्यांतून पाणी वाहत असल्याने हा विकार नसावा, असा समज रुग्णांत आढळतो. प्रत्यक्षात कोरड्या पृष्ठभागाच्या क्षोभानेही प्रतिक्षेपी अश्रू येतात.

अश्रुपटलाच्या रचनेविषयी एकमत उशिरा झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास यूजीन वुल्फ यांनी मांडलेली श्लेष्म, जल आणि मेद अशा तीन थरांची कल्पना अनेक पाठ्यपुस्तकांत अजून टिकून आहे; तथापि श्लेष्म व जल हे वेगळे थर नसून त्यांचे मिळून एकच जेलसदृश द्रव्य असते व त्यावर मेदाचा पातळ थर पसरतो, हे अलीकडचे मत अधिक ग्राह्य दिसते. मेद पापण्यांतील मायबोमी ग्रंथींतून येतो. त्या तुंबल्या की अश्रू लवकर उडून जातात आणि बाष्पीभवनजन्य प्रकार उद्भवतो. अश्रुग्रंथीचा स्राव घटल्याने होणारा जलन्यून प्रकार तुलनेने कमी आढळतो. पुष्कळ रुग्णांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात.

निदानाची सर्वांत जुनी प्रचलित कसोटी ऑटो शिर्मर यांची, १९०३ मधील. खालच्या पापणीत ५ मिमी. रुंद गाळण कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटांत ती किती भिजते हे मोजतात, ५ मिमी.पर्यंतचे भिजणे स्राव फार कमी असल्याचे सुचविते. परंतु पट्टीच्या स्पर्शानेच अश्रू येत असल्याने सौम्य विकारात तिचा निष्कर्ष फिरता राहतो, आणि बाष्पीभवनजन्य प्रकारात तो सामान्यही येऊ शकतो. म्हणून अश्रुपटल फुटण्याच्या काळाला आता अधिक महत्त्व देतात. फ्लुओरेसीन या रंगद्रव्याचा अंश डोळ्यात सोडून स्लिट लॅम्प या नेत्रतपासणीच्या सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात पाहिले असता स्वच्छमंडलावर (बुबुळापुढील पारदर्शक पटलावर) हिरवट चकाकी पसरते. रुग्णाने पापणी न मिटता पाहत राहावे, आणि त्या चकाकीत पहिला काळा ठिपका वा रेघ उमटेपर्यंतचे सेकंद मोजावेत. मात्र रंगद्रव्य स्वतःच पटल अस्थिर करीत असल्याने रंगाविना, डोळ्यावर पाडलेल्या प्रकाशवर्तुळांच्या परावर्तित प्रतिमेवरून केलेले मापन श्रेयस्कर ठरते. सीमारेषेबाबत मतभेद आहेत : २०१७ च्या ‘ड्यूज २’ या आंतरराष्ट्रीय अहवालात रंगाविना १० सेकंदांहून कमी काळ असामान्य मानला आहे, तर आशियाई तज्ज्ञगट रंगासह ५ सेकंद वा त्याहून कमी काळ धरतो. पद्धती भिन्न असल्याने या आकड्यांची थेट तुलना करू नये.

त्याच अहवालानुसार लक्षणांच्या प्रश्नावलीत (ओएसडीआय या प्रश्नावलीत १३ वा अधिक गुण) विकार सूचित झाला आणि पटलाची अस्थिरता, अश्रूंची परासारता (विरघळलेल्या क्षारादी कणांची संहती) ३०८ मिलिऑस्मोल प्रतिलिटर वा अधिक, किंवा पृष्ठभागाचे ठराविक प्रमाणात रंजन (इजा झालेल्या जागी रंगद्रव्याचे डाग उमटणे) यांपैकी एक चिन्ह आढळले, तर निदान मान्य होते. लक्षणे व चिन्हे यांचा मेळ अनेकदा बसत नाही, म्हणून दोहोंची नोंद आवश्यक आहे. तपासणीचा क्रमही महत्त्वाचा : डोळ्याला स्पर्श न करणाऱ्या चाचण्या आधी, रंजन व पापणीवरील दाब नंतर. दाबल्यावर निरोगी ग्रंथीतून स्वच्छ तेल निघते. विकारग्रस्त ग्रंथीतून गढूळ, दाट वा पेस्टसारखा स्राव येतो किंवा काहीच येत नाही.

उपचारांत पापणीची स्वच्छता, उष्ण शेक व त्यानंतर हलका मसाज, संगणक वा मोबाइलच्या पडद्यासमोर बसताना पूर्ण पापणी मिटण्याची सवय आणि कृत्रिम अश्रू यांपासून आरंभ करतात. थेंब वारंवार लागत असल्यास परिरक्षकविरहित घ्यावेत, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक पृष्ठभागास अपायकारक ठरू शकते. ओमेगा-३ पूरकांविषयीची आशा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रीम’ चाचणीने मंदावली. तीत ऑलिव्ह तेलाच्या तुलनेत लक्षणीय लाभ दिसला नाही. सायक्लोस्पोरिनसारखी दाहरोधी औषधे व अश्रुछिद्रे बंद करणारे प्लग हे पुढचे टप्पे होत.

तोंड कोरडे पडणे व सांधेदुखी सोबत असल्यास श्योग्रेन संलक्षणाची (अश्रू व लाळ ग्रंथींवर आघात करणाऱ्या स्वयंप्रतिरक्षा विकाराची) शंका घ्यावी आणि तीव्र वेदना, स्वच्छमंडलावर व्रण किंवा दृष्टी झपाट्याने घटणे आढळल्यास विनाविलंब नेत्रवैद्याकडे पाठवावे. अस्थिर पटलावर घेतलेली केराटोमेट्री (स्वच्छमंडलाच्या वक्रतेचे मापन) व चष्म्याचा नंबर विश्वसनीय नसतो. म्हणून पृष्ठभाग सुधारेपर्यंत अंतिम नंबर देणे पुढे ढकलणे योग्य.